तीन मिनिटांची पाळी

जगात अशी एकही भानगड नाही की जी दोन माणसं समोरासमोर बसल्यावर मिटणार नाही, असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे. त्यांच्यासमोर बसलेला माणूस शेवटी भानगड मिटावी म्हणून नव्हे, तर आपल्याला उठता यावं म्हणून 'बरं' म्हणतो, असं माझं मत आहे. पण माझं मत मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, कारण मग त्यावरही बसावं लागलं असतं. माझ्या स्वतःच्या लग्नात फेट्याच्या मानावरून दोन्हीकडची मंडळी हातघाईवर आली, तेव्हा साडूंनी दोन्ही बाजूंच्या चार-चार माणसांना कोठीघरात बुंदीच्या परातींच्या मधोमध बसवलं आणि आतून कडी लावली. मुहूर्त टळून सव्वा तासानं माझं लग्न लागलं. भांडण मात्र असं मिटलं होतं, की ती आठ माणसं पुढं वर्षभर एकमेकांच्या घरी जेवायला जात होती. एकदा न्हावऱ्याच्या पुढं एका ट्रकनं त्यांच्या मोटारसायकलचा आरसा उडवला. ड्रायव्हर बिहारकडचा, साडूंची हिंदी बेताचीच. "बैठो, बैठके मिटाएंगे," एवढ्या भांडवलावर त्यांनी त्याला लिंबाखाली बसवलं आणि डिकीतले पेरू खाऊ घातले. तो ड्रायव्हर अजून दर दिवाळीला फोन करतो. काय बोलतात ते दोघांनाही कळत नाही, पण बराच वेळ बोलतात.

ते तळेगाव ढमढेऱ्याचे. ऊस, वांगी, थोडी मेथी, आणि गावच्या सोसायटीत एके काळी संचालक. त्यांना 'दाजी' म्हणण्याचा खरा हक्क माझ्या बायकोचा, कारण ते तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण त्यांना साडू म्हणून हाक मारणं काही मला जमलं नाही. मग मीही दाजीच म्हणू लागलो, आणि माझं ऐकून पुढं आमचा सगळा खेळाचा ग्रुप त्यांना दाजी म्हणू लागला. या ग्रुपची गोष्ट सांगायलाच मी बसलो आहे.

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. आठवड्याचे सहा दिवस मी दुसऱ्यांनी बनवलेल्या गोळ्यांचे नमुने तपासतो आणि चुका शोधतो. हैदराबादहून आलेल्या एका सहकाऱ्यानं मला हा खेळ शिकवला आणि नोकरी बदलून तो निघून गेला, खेळ माझ्याकडे राहिला. खेळ असा की टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, इथं जंगल, तिथं गुहा, गुहेत राक्षस. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपापल्या वेळी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. दौंडात माझ्या घरी दर रविवारी दुपारी आमचा डाव बसे. केडगावहून शाळेच्या एक मॅडम गाडीनं येत, त्या तिरंदाज. स्टेशनरस्त्याला चष्म्याचं दुकान असलेले सलीमभाई मांत्रिक. माझी बायको चोर, आणि हे पात्र तिला फार लवकर जमलं. मी सूत्रधार. सहा दिवस चुका शोधल्यावर सातव्या दिवशी कुणी माझ्या तोंडाकडे बघत 'मग पुढं काय झालं?' असं विचारतं, याचं सुख काय असतं ते मला सांगता येणार नाही. त्या रविवारवर माझा जीव होता.

एवढ्यात तिकडं सोसायटीच्या निवडणुकीत दाजी पडले. बायकोच्या बहिणीचा फोन आला, "हे दिवसभर ओट्यावर बसून असत्यात. कुणी भांडाण घेऊन येत न्हाई. आता समदी डायरेक पोलीस चौकीत जात्यात. तुमच्या त्या फाशाच्या खेळात घ्या की त्यास्नी." मेव्हणीला नाही कसं म्हणणार? पुढच्या रविवारी दाजी चौफुल्यावरून मोटारसायकल हाणत आले. सोबत पिशवीभर वांगी आणि खिशात डायरी.

मी त्यांना सगळं समजावून विचारलं, "दाजी, तुम्ही कोण होणार? योद्धा, मांत्रिक, वैद्य?" दाजींनी बराच विचार केला आणि म्हणाले, "माजी संचालक." मी म्हटलं असं पात्र नसतं. ते म्हणाले, "नसतं कसं? हितं बसलंय की." मग निदान नुसतं संचालक तरी लिहू का? तर "न्हाई, माजीच लिव्हा. आजी म्हणलं की लोक कामं सांगत्यात." शस्त्राच्या रकान्यात त्यांनी 'डायरी, पेन' असं लिहायला लावलं. पटावर प्रत्येक पात्राची एक छोटी बाहुली असते, ती त्यांना नको होती. त्यांनी खिशातून एक सुपारी काढली, धोतराला पुसली आणि पटावर मांडली. "हा मी," ते म्हणाले.

पहिल्याच रविवारी पुलावर राक्षस आडवा आला. सलीमभाईंनी अग्निमंत्र काढला, मॅडमनी बाण लावला, आणि दाजी म्हणाले, "थांबा. हा पूल कुणाच्या हद्दीत येतो?" मला माहीत नव्हतं. "राक्षसाचं गाव कंचं?" मी काहीतरी सांगायचं म्हणून उत्तरेकडचं म्हटलं. "तिकडं त्याचं कोन पावणंरावळं?" पावणेदोन तास मी त्या राक्षसाचं गणगोत रचत होतो. शेवटी राक्षसाला पुलाचा वॉचमन नेमून, दुपारच्या जेवणाची सुट्टी ठरवून दाजींनी डायरीत त्याचा अंगठा घेतला, तो मला सूत्रधार म्हणून द्यावा लागला. मॅडमचा बाण तेवढा वेळ ताणलेलाच होता. पुढच्या रविवारी चेटकिणीला सासरी नांदायला पाठवलं. त्याच्या पुढच्या रविवारी शंभर भुतांच्या फौजेला त्यांनी सूचक-अनुमोदक विचारले, आणि भुतांच्यात दोन गट पडले.

हे सगळं आम्ही हसून चालवून घेतलं असतं. खरी अडचण एका शब्दानं केली आणि तो शब्द माझाच. खेळात ज्याची त्याची खेळण्याची वेळ येते, तिला सगळे 'टर्न' म्हणतात. मला मराठीचा पुळका, म्हणून मी 'पाळी' म्हणायचो. मॅडमनी सुरुवातीलाच "सर, टर्नच म्हणा ना," असं खाली बघून सुचवलं होतं, पण मी ऐकलं नाही. आमच्या कंपनीत पाळी म्हणजे आठ तासांची शिफ्ट, भोंगा झाला की संपली. दाजींच्या मुलखात पाळी म्हणजे पाण्याची. आपली पाळी असली की पाणी आपलं, त्यात कुणी बोलायचं नाही. "दाजी, तुमची पाळी," असं मी म्हणायचा अवकाश, की दाजी फासा मुठीत धरायचे आणि मांडी सैल करून बसायचे. मग अर्धा-पाऊण तास फासा काही सुटत नसे. बाकीच्यांनी घाई केली तर त्यांना मनापासून नवल वाटे. "माझीच पाळी चाललीय न्हवं?" मध्येच एखादा रविवार बुडाला की पुढच्या वेळी येऊन म्हणत, "मागल्या ऐतवारी लग्नाला गेल्तो, ती पाळी आज भरून द्या." आणि मध्येच मनात आलं की स्वतःची पाळी दुसऱ्याला देऊन टाकत. "माझी ह्या सलीमभाईंस्नी द्या, त्यांचं लई वंगाळ चाललंय." एकदा तर माझ्या मरायला टेकलेल्या राक्षसालाच देऊ केली, कारण तो मघापासून उभा होता. पाळी अशी देता येत नाही, नियमात बसत नाही, असं मी दर वेळी सांगे आणि दाजी दर वेळी माझ्याकडे असे बघत, की जणू मी तहानलेल्याच्या हातातला तांब्या काढून घेतलाय.

मग तो रविवार आला. मॅडमची तिरंदाज, दीड वर्ष जपलेली, कड्याच्या टोकाला एका हातानं लोंबकळत होती. एक पाळी मिळाली असती तर वाचली असती. पण तिच्या आधी दाजींची पाळी, आणि नेमका तेव्हाच त्यांना गावाकडून फोन आला. कुणाच्या तरी बांधावरची बाभळ कुणीतरी तोडली होती. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी भांडण घेऊन त्यांच्याकडे आलं होतं! दाजी खुलले. एका हातात फोन, दुसऱ्या हाताच्या मुठीत फासा, असे ते अंगणात फेऱ्या मारत राहिले. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी त्यांची गाडीची वेळ झाली आणि तिरंदाजाला तशीच लोंबकळत ठेवून त्या निघून गेल्या. संध्याकाळी मला त्यांचा मेसेज आला, "पुढच्या रविवारी दाजी तरी किंवा मी तरी. राग मानू नका."

मॅडम गेल्या असत्या तर सलीमभाईही गेले असते, आणि माझ्या घरात टेबल आणि चोर एवढंच उरलं असतं. मी सलीमभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मोबाइलवर शोधून, डाव नासवणाऱ्या खेळाडूशी कसं वागावं ते वाचून दाखवलं. सर्वांसमोर बोलू नये. एकटं गाठावं. आधी कौतुक करावं, मग एकच गोष्ट सांगावी, मग पुन्हा कौतुक करावं. "आणि त्यानं ऐकलं नाही तर?" मी विचारलं. सलीमभाईंनी आणखी खाली वाचलं आणि म्हणाले, "तर म्हणे त्याला निरोप द्यावा. हे लिहिणाऱ्याला साडू नसणार." घरी बायको म्हणाली, "माझ्या ताईच्या दारात जाऊन तिच्या नवऱ्याला येऊ नका म्हणणार?" थोड्या वेळानं मला काकुळतीला आलेलं बघून म्हणाली, "सांगा. पण जेवल्यावर सांगा."

गुरुवारी रजा टाकून मी तळेगावला गेलो. वाटेत जेवढं कौतुक सुचेल तेवढं मनात जमवत होतो. जेवण झालं, मेव्हणीनं आग्रह करकरून भाकरी वाढली आणि दर भाकरीगणिक माझा धीर सुटत गेला. "चला, रानात जाऊ," दाजी म्हणाले. मला तेच हवं होतं. एकटं गाठायचं होतं ना!

रानात चिंचेखाली विहीर. दाजींची मोटार चालू होती, पाणी वांग्याच्या सऱ्यांतून निघालेलं. पलीकडच्या बांधावर एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. उभं राहण्याची ढब थेट दाजींसारखी. मी विचारलं तेव्हा दाजींनी तुटकपणे सांगितलं, तो त्यांचा धाकटा भाऊ. विहीर दोघांत एक, दोन दिवस यांची पाळी, दोन दिवस त्याची, दुपारी तीनला पाळी बदलायची. आणि दोघांत नऊ वर्षं बोलणं नाही. हे मला माझ्या लग्नापासून कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या घरात ते कुणी बोलतच नाही. अख्ख्या शिरूर तालुक्याला बसून मिटवा म्हणणारा माणूस, आणि घरचंच राहिलेलं. मी न राहवून विचारलं, "दाजी, कशावरून हो?"

दाजींनी सरीतला पाचोळा पायानं बाजूला सारला. मग म्हणाले, "आबा जाताना म्हणले, पाळीपाळीनं पाणी घ्या. पाळी सांगितली, वेळ न्हाई सांगितली. वेळ न्हाई सांगितली की माणूस धरूनच बसतो, पाव्हणं. मी बी बसलो, त्यो बी बसला. मंग लोकं मधी पडली, कागद झाला, दोन दिस आन् तीनचा टाइम. तवाधरनं येक मिनिट हिकडंतिकडं न्हाई." आणि वर म्हणाले, "आन् येक शब्द बी न्हाई."

मी घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते. दाजी उठले, स्वतःकडचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, भावाकडचा उघडला आणि स्टार्टरच्या पेटीला लुगड्याच्या काठाची एक चिंधी बांधली. चिंधी दिसली की पाळी बदलली, ही त्यांची बिनबोलती खूण. "दाजी, अजून अर्धा तास आहे ना तुमचा?" मी म्हटलं. "त्याच्या कांद्याला ताण बसलाय," ते म्हणाले. "मग त्यांना सांगायचं तरी." "सांगायचं काय त्यात? पाणी आलं की कळंल." आणि ते मला घेऊन लांब बांधाकडे चालू लागले, कारण ते तिथून हलल्याशिवाय भाऊ विहिरीकडे येत नसे. मी मागं वळून बघितलं. भाऊ सरीतल्या पाण्याकडे बघत उभा होता, मग त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि खोरं उचललं.

त्या बांधावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू! आबांनी केली तीच चूक मी गेले चार महिने दर रविवारी टेबलावर करत होतो. पाळी सांगत होतो, वेळ सांगत नव्हतो. आणि हा माणूस आपली पाळी दुसऱ्याला देत होता तेव्हा मी त्याला नियम दाखवत होतो. खिशात मॅडमचा मेसेज होता, तो खिशातच राहिला. जमवलेलं कौतुक कुठच्या कुठं गेलं. मी एवढंच म्हणालो, "दाजी, मी तुम्हांला एक सांगायचं विसरलो. आपल्या खेळात पाळी तीन मिनिटांची असते."

दाजी थबकले. "तीन मिन्टं?" त्यांनी डायरी काढून लिहून घेतलं. "आदी सांगायचं, पाव्हणं. मी म्हणतोय, ही माणसं सारखी घड्याळं का बघत्यात." मग चार पावलं चालून म्हणाले, "मॅडम रागावल्या आसतील." थोड्याशा, मी म्हणालो. दाजी मागं फिरले आणि मॅडमसाठी कोवळी, काटेरी देठांची वांगी निवडू लागले. निवडायला त्यांनी तीन मिनिटांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ घेतला.

मॅडमना मी फोन करून विहिरीची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून त्या फक्त "येते," म्हणाल्या. त्या रविवारी मी टेबलावर एक टायमर ठेवला, प्रयोगशाळेत वापरतात तसला, तीन मिनिटांवर लावलेला. दाजींची पाळी आली. टायमरवर दहा सेकंद उरले असताना त्यांनी फासा टेबलावर ठेवला आणि हात मागं घेतला. मग मॅडमची पाळी. फासा पडला चार. तिरंदाजाचं एक बोट कड्यावरून सुटलं. पुढची फेरी आली तेव्हा दाजी माझ्याकडे न बघता, जरा भीतभीत म्हणाले, "माझी पाळी मॅडमला द्या. नियमात बसत आसंल तर." मी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं आणि म्हणालो, "बसतं. रविवारी एकदा." मॅडमनी फासा टाकला. एकोणीस! तिरंदाज वर आली. जाताना वांग्यांची पिशवी मॅडमनी स्वतःच्या हातात घेतली, नेहमीसारखी माझ्या बायकोकडे विसरली नाही.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष आमच्या ग्रुपचा सुकाळच होता म्हणा. दाजी काही सुधारले नाहीत. राक्षस दिसला की "बसून मिटवू" हे होतंच, फक्त ते आता तीन मिनिटांत बसवावं लागे, त्यामुळं त्यांचं बोलणं मोठं नेमकं झालं. सातबारा, पाहुणे, तोडगा, अंगठा. सलीमभाई तर म्हणायचे की एवढ्या वेगानं कोर्टं चालली असती तर दाजींना कुणी विचारलं नसतं. मीही सूत्रधार म्हणून हुशार झालो होतो. जो राक्षस मारायलाच हवा असेल, तो मी बहिरा करत असे. दाजी त्यालाही चिठ्ठी लिहीत.

गेल्या दिवाळीनंतर दाजी यायचे थांबले. त्यांच्या धाकट्या भावाला हृदयाचा झटका आला. वाचला, पण डॉक्टरांनी खोरं उचलायला बंदी केली. त्याची मुलं लांब नोकरीला. पहिल्या रविवारी दाजींचा फोन आला, "आज येणं न्हाई, पाणी धरतोय. माझी पाळी कुणाला बी द्या." पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मी विचारलं, "दाजी, तुमची पाळी आहे का?" ते म्हणाले, "चारी दिस माझीच हाय की आता. दोन माझे, दोन त्याचे."

"आणि भाऊ?"

"येतो हिरीवर. चिंचंखाली खाट टाकलीय, बसतो."

"बोलता मग आता?"

"बसतो ना."

"म्हणजे मिटलं म्हणायचं का, दाजी?"

फोनमधून मोटारीची घरघर ऐकू येत होती. मागं कुणीतरी खोकलं. दाजी आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हणं, बसलोय आमी. मिटवायची काय घाई हाय?"

आम्हांला त्यांची आठवण येते, हे सरळ सांगून टाकतो. राक्षस आता वेळेवर मरतात आणि त्यात काही राम वाटत नाही. मॅडम मात्र दर रविवारी आल्या की सगळ्यांच्या आधी डब्यातून दाजींची सुपारी काढतात, पदराला पुसतात आणि पटावर तिच्या जागी मांडतात. खेळ फिरत फिरत तिच्यापाशी आला की मी म्हणतो, "दाजींची पाळी," आणि टायमर लावतो. ती पाळी कुणालाही द्या असा त्यांचा निरोप असतो, पण अजून कुणी मागितलेली नाही. फासा सुपारीशेजारी पडून असतो, सलीमभाई चष्मा पुसतात, बायको चहाचं आधण बघून येते. ती तीन मिनिटं आम्ही तशीच वाहू देतो.